जीसीसी ९.३ आणि गळालेले सात बाइट : प्रकल्प नोंदी

८ फेब्रुवारी २०२१

घाटमाथ्यावरील स्वयंचलित पर्जन्यमापकांकडून येणारी मोजमापे साठवणारा आमचा प्रोग्रॅम आजवर लिनक्सच्या डेबियन १० या वितरणासोबत येणाऱ्या जीसीसी ८.३ या कंपायलरने, म्हणजे सोर्सचे यंत्रकोडात रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमने, बांधला जात होता. नव्या सर्व्हरवर मात्र कंपायलरसकट सर्व साखळी सोर्सपासून बांधायची, म्हणजे पुढील काही वर्षे तोच कंपायलर जसाच्या तसा पुन्हा उभा करता येईल, असे ठरले आहे. आवृत्ती ९.३ निवडण्याचे कारण साधे आहे. प्रोग्रॅमच्या सी++ भागात आता सी++१७ ची फाइलसिस्टम लायब्ररी वापरली जाते. जीसीसी ८ मध्ये ती जोडणीच्या वेळी, म्हणजे कंपाइल झालेल्या फाइली एकत्र जोडताना, वेगळी मागावी लागते, तर ९ पासून ती मुख्य लायब्ररीतच सामावलेली आहे. आवृत्ती १० कडे मुद्दाम गेलो नाही. त्या आवृत्तीपासून ‘नो-कॉमन’ हे वर्तन (एकच सामाईक चल अनेक फाइलींत घोषित असल्यास जोडणी नाकारणे) आपोआप लागू होते आणि आमच्या जुन्या सी फाइलींमध्ये हेडरमधून ‘एक्स्टर्न’विना घोषित केलेली इतकी सामाईक चले आहेत की, ती सर्व आवरल्याशिवाय जोडणी होणार नाही. ते काम कधीतरी करावेच लागेल, पण या स्थलांतरात ते नको.

जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या जीसीसीला लागणाऱ्या गणिती लायब्ररी त्याच्या सोर्ससोबतच्या स्क्रिप्टने उतरवून घेतल्या व रात्रभर तीन टप्प्यांचे बूटस्ट्रॅप (कंपायलर स्वतःलाच पुन्हा बांधून पाहतो ती प्रक्रिया) चालवले. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातील ऑब्जेक्ट फाइली तंतोतंत जुळल्या.

१० फेब्रुवारी २०२१

नव्या कंपायलरने प्रोग्रॅम कोणत्याही इशाऱ्याविना बांधला गेला, पण चाचणीसंचातील एक चाचणी नापास झाली.

पर्जन्यमापकातील घड्याळाची बॅटरी संपली की यंत्र १ जानेवारी १९७० पासून वेळ मोजू लागते आणि त्या तारखांच्या नोंदी पाठवत राहते. अशा नोंदी प्रवेशावरच अडवण्यासाठी प्रोग्रॅममध्ये एक किमान काळ ठरवलेला आहे : जागतिक वेळेनुसार १ जानेवारी २००० चा आरंभ, म्हणजे १९७० पासून ९४,६६,८४,८०० सेकंद. प्रत्येक नोंदीची किल्ली म्हणजे आठ बाइटांत, सर्वांत मोठ्या स्थानाचा बाइट आधी या क्रमाने लिहिलेले सेकंद. या मांडणीत किल्ल्यांची बाइटवार तुलना आणि काळाची तुलना एकच ठरते, त्यामुळे सी भाषेतील नेहमीचे मेमकम्प (स्मृतीतील बाइट क्रमाने ताडणारे फंक्शन) पुरते. नापास झालेली चाचणी १९७० सालची एक बनावट नोंद आत ढकलून पाहते. ती नोंद नाकारली जायला हवी होती, पण बिनतक्रार स्वीकारली गेली.

जुन्या सर्व्हरवर हीच चाचणी हाच सोर्स घेऊन उत्तीर्ण होते.

११ फेब्रुवारी २०२१

ऑप्टिमायझेशनची, म्हणजे कंपायलर कोड जलद करण्यासाठी किती बदलतो याची, पातळी बदलून पाहिली. शून्य, एक आणि आकार कमी करणारी ‘एस’ या पातळ्यांवर चाचणी उत्तीर्ण होते, तर दोन आणि तीनवर नापास होते. अशा वेळी पहिला संशय आपल्याच कोडवर घ्यावा, कारण सी भाषेतील अव्याख्यात वर्तन (ज्याचा परिणाम भाषेच्या नियमांनी ठरवलेला नाही असा कोड) नेमके दुसऱ्या पातळीवर डोके वर काढते, आणि कंपायलरवर ढकललेले बहुतेक दोष अखेरीस स्वतःच्याच सोर्समध्ये सापडतात. म्हणून अव्याख्यात वर्तन शोधणारा सॅनिटायझर लावून बांधले. त्याने काहीच दाखवले नाही. व्हॅलग्रिंड या स्मृतितपासणीच्या साधनाखाली तीच नापास बायनरी चालवली, तर ती तशीच नापास झाली, पण स्मृतीच्या वापराबद्दल एकही तक्रार आली नाही. क्लँग या वेगळ्या कंपायलरने दुसऱ्या पातळीवर बांधलेला प्रोग्रॅम बरोबर चालतो.

हे सगळे पाहता संशयाचे पारडे कंपायलरकडे झुकले आहे, पण अजून पुरावा नाही.

१२ फेब्रुवारी २०२१

दोषाची जागा शोधण्यासाठी ऑब्जेक्ट फाइलींचे दोन संच केले, एक पहिल्या पातळीवर बांधलेला आणि एक दुसऱ्या. जोडणी करताना निम्म्या फाइली एका संचातून व निम्म्या दुसऱ्यातून घेत गेलो आणि प्रत्येक वेळी संशयाचे क्षेत्र अर्धे होत किल्ल्यांची तुलना करणाऱ्या एकाच फाइलीवर येऊन थांबले. फाइलीच्या आत मग प्रत्येक फंक्शनवर पातळी ठरवणारे अॅट्रिब्यूट आळीपाळीने लावून पाहिले. हे अॅट्रिब्यूट केवळ दोष शोधण्यासाठी वापरावे, प्रत्यक्ष वितरणाच्या कोडमध्ये ठेवू नये, असे जीसीसीची नियमावलीच सांगते. आणि ते योग्यही आहे, कारण त्याने फंक्शन दुसऱ्यात सामावून घेण्याचे निर्णयही बदलतात.

उरलेले फंक्शन एका ओळीचे निघाले. ते दिलेली किल्ली आणि किमान काळाची स्थिर किल्ली यांची आठ बाइटांची मेमकम्प तुलना करते आणि आलेला आकडा जसाच्या तसा परत देते. त्याची असेंब्ली (तयार झालेल्या यंत्रसूचनांची यादी) पाहिली तेव्हा तुलना असायला हवी त्या ठिकाणी दोनच सूचना होत्या : किल्लीचा पहिला बाइट वाचून रजिस्टरमध्ये ठेवा आणि परत जा. मेमकम्पला केलेला कॉल नाही, उरलेल्या सात बाइटांचा उल्लेखही नाही.

किमान काळाची किल्ली बाइटवार लिहिली तर ती ०, ०, ०, ०, ५६, १०९, ६७, १२८ अशी होते. आपल्या हयातीतील कोणत्याही काळाच्या किल्लीचा पहिला बाइट शून्यच असतो. म्हणजे हे फंक्शन आता प्रत्येक नोंदीला ‘किमान काळाइतकीच’ ठरवते, उत्तर कधीच ऋण येत नाही आणि दार कायमचे उघडे राहते. नोंदींची आपापसातील क्रमवारी मात्र बिनचूक लागते, कारण तेथे दोन्ही बाजूंच्या किल्ल्या चालू असताना मिळणाऱ्या आहेत, स्थिर नाहीत. म्हणूनच चाचणीसंचातील बाकी सर्व चाचण्या हिरव्या होत्या.

१५ फेब्रुवारी २०२१

चुकीचे वर्तन टिकवून सोर्स लहान करत नेणाऱ्या सी-रिड्यूस या साधनाला फाइल दिली. निकष असा ठेवला की, शून्य आणि दोन या पातळ्यांवरील उत्तरे वेगळी यावीत आणि सॅनिटायझरची तक्रार नसावी. दुसरी अट घातली नाही तर हे साधन काटछाट करताना आनंदाने खरेच अव्याख्यात वर्तन निर्माण करते आणि हाती निरुपयोगी उदाहरण येते. उरलेले उदाहरण चार ओळींचे आहे.

त्यातील शब्द घेऊन जीसीसीच्या दोषनोंदींमध्ये शोधले, तर हा दोष मे २०२० मध्येच क्रमांक ९५१८९ खाली नोंदवलेला निघाला. मेमकम्पची तुलना स्ट्रकम्पसारखी, म्हणजे अक्षरमाला शून्य बाइटपर्यंतच ताडणाऱ्या फंक्शनसारखी, कापली जाते, असे त्याचे वर्णन आहे. आवृत्ती ९.१ पासून ९.३ पर्यंत आणि १०.१ व १०.२ मध्ये तो आहे. आवृत्ती ८ मध्ये नाही. जीसीसीच्या मुख्य शाखेत दुरुस्ती झालेली आहे, पण ती घेऊन आलेली ९ किंवा १० मालिकेतील आवृत्ती आजच्या तारखेला प्रसिद्ध झालेली नाही.

बूटस्ट्रॅप निर्विघ्न पार पडले होते, मग दोष तेव्हाच का कळला नाही, असा प्रश्न सकाळी बैठकीत आला. दुसरा टप्पा आणि तिसरा टप्पा जुळतात याचा अर्थ कंपायलर स्वतःशी सुसंगत आहे, एवढाच आहे. एकाच तराजूवर दोनदा वजन करून ते सारखे भरले म्हणून तराजू खरा ठरत नाही.

१६ फेब्रुवारी २०२१

वळसा कसा घालायचा हे ठरवण्याआधी दोष नेमका कोठे आहे हे कंपायलरच्या सोर्समध्ये वाचून काढले. ‘बिल्टिन्स.सी’ या फाइलीत एक फंक्शन आहे, जे स्ट्रकम्प, स्ट्रएनकम्प आणि मेमकम्प या तिघांच्या लहान तुलना कॉल न करता जागीच बाइटवार उलगडते. ही सोय जीसीसी ९ मध्ये आली. दोन्हींपैकी एक बाजू स्थिर असावी आणि लांबी मर्यादेच्या आत असावी, एवढ्या तिच्या अटी आहेत. मर्यादा मुळात तीन बाइटांची आहे. चूक लांबी मोजण्यात आहे. स्थिर बाजूची लांबी तिन्ही फंक्शनांसाठी पहिल्या शून्य बाइटपर्यंतच मोजली जाते आणि त्यात एक मिळवला जातो. शून्याने संपणाऱ्या अक्षरमालेसाठी हे योग्यच आहे, कारण स्ट्रकम्प त्यापुढे पाहतच नाही. मेमकम्पला मात्र शून्य हा इतर कोणत्याही बाइटसारखाच एक बाइट असतो. आमच्या किल्लीची ‘लांबी’ या हिशोबाने शून्य अधिक एक, म्हणजे एक भरली; मागितलेल्या आठपेक्षा ती कमी म्हणून तीच धरली गेली, मर्यादेच्या आत बसली आणि एकाच बाइटची तुलना उलगडली गेली.

यावरून दोषाची व्याप्ती काटेकोरपणे सांगता येते. स्थिर बाजूच्या पहिल्या तीन बाइटांत कोठेतरी शून्य असावे लागते. चौथ्या स्थानी किंवा पुढे पहिले शून्य असेल तर मोजलेली लांबी मर्यादेबाहेर जाते आणि मेमकम्पला नेहमीसारखा कॉल होतो. तुलनेची लांबी बांधणीच्या वेळीच ठाऊक असावी लागते. ऑप्टिमायझेशन दोन किंवा त्याहून वरच्या पातळीचे असावे लागते आणि आकार कमी करण्याचा आदेश नसावा लागतो. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची आहे : मेमकम्पच्या उत्तराचा उपयोग केवळ ‘समान आहे की नाही’ एवढ्यापुरताच होत असेल, तर कंपायलर त्या कॉलचे आधीच वेगळ्या अंतर्गत रूपात परिवर्तन करतो आणि हे फंक्शन त्या वाटेवर लागतच नाही.

या शेवटच्या अटीमुळेच जग बहुधा वाचले असावे. शून्याने सुरू होणाऱ्या ओळखखुणा फाइलींच्या जगात मुबलक आहेत : विंडोजच्या आयकॉन फाइलीचा आरंभ ०, ०, १, ० असा असतो, ट्रूटाइप फाँटचा ०, १, ०, ० असा, आणि जेपेग २००० चा तीन शून्यांनी. पण ओळखखुणा तपासणारे प्रोग्रॅम लहान-मोठेपणा विचारत नाहीत, फक्त समानता विचारतात. आमच्यासारखे, स्थिर किल्लीशी क्रमाने तुलना करणारे कोड विरळ.

१७ फेब्रुवारी २०२१

पर्यायांची चर्चा झाली. तिचा सारांश येथे सविस्तर ठेवत आहे, कारण काही महिन्यांनी ‘हा विचित्र पर्याय कशासाठी’ असे विचारले जाणार आहे.

सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ती एक ओळ बदलून बाइटवार लूप लिहिणे. बिटकॉइनच्या परिवारातील लिबसेक्प२५६के१ या लायब्ररीने अशाच स्वतःच्या तुलना-फंक्शनचा मार्ग धरला, आणि त्यांच्या दृष्टीने तो बरोबर आहे, कारण त्यांचा सोर्स कोणाच्या कोणत्या कंपायलरने बांधला जाईल यावर त्यांचा ताबा नाही. आमची स्थिती उलटी आहे. कंपायलर आमचा आहे आणि त्याने बांधल्या जाणाऱ्या बहुतेक लायब्ररी दुसऱ्यांच्या आहेत. आपली एक ओळ सुधारून चाचणी हिरवी करणे म्हणजे दोष जेथे दिसला तेवढीच जागा झाकणे.

दुसरा मार्ग, मेमकम्पला अंतर्भूत फंक्शन मानू नये असा फ्लॅग (कंपायलरला दिलेला पर्याय) सर्वत्र देणे. प्रथमदर्शनी हे पुरेसे वाटते, पण त्यात दोन अडचणी आहेत. त्याने समानतेच्या निर्दोष आणि जलद तुलनाही कॉलमध्ये बदलतात. त्याहून गंभीर म्हणजे, ‘बिल्टिन’ हा उपसर्ग लावून थेट केलेल्या कॉलवर या फ्लॅगचा काहीही परिणाम होत नाही, आणि सी++ च्या प्रमाण लायब्ररीत साध्या अक्षरांच्या स्ट्रिंगची तुलना नेमकी अशाच उपसर्गाच्या मेमकम्पने केलेली आहे. तेथे लांबी सहसा चालू असतानाच कळते, म्हणून धोका कमी आहे. पण ‘सहसा’ या शब्दावर वळसा उभा करणे मला मान्य नाही.

सर्व काही पहिल्या पातळीवर बांधावे, ही सूचना वेगाच्या कारणाने टिकली नाही. कंपायलरच्या सोर्समध्येच दुरुस्ती करावी, हा पर्याय आम्ही तो स्वतः बांधत असल्याने शक्य आहे. तरीही आमच्या पॅचने बदललेला कंपायलर ‘९.३’ हेच नाव सांगत राहील आणि उद्या दुसऱ्या कोणी मूळ ९.३ ने बांधले तर तेथे दोष गुपचूप परत येईल.

स्वीकारलेला मार्ग असा : उलगडण्याची मर्यादा ठरवणारा ‘बिल्टिन-स्ट्रिंग-सीएमपी-इनलाइन-लेंग्थ’ हा पॅरामीटर शून्य करणे. नियमानुसार त्याची किंमत शून्यापासून शंभरपर्यंत देता येते. मोजलेली लांबी नेहमी किमान एक असल्याने शून्य मर्यादेत कोणतीच तुलना बसत नाही आणि सदोष फंक्शन प्रत्येक वेळी हात आखडता घेते. उपसर्ग लावलेले कॉलही यात येतात. समानतेच्या तुलना वेगळ्या वाटेने जात असल्याने त्यांना धक्का लागत नाही. गमवावे लागते ते इतकेच की, तीन बाइटांपर्यंतच्या स्ट्रकम्प तुलनाही जागीच उलगडल्या जाणार नाहीत. आमच्या मापनात याचा फरक नजरेत भरला नाही.

१९ फेब्रुवारी २०२१

पॅरामीटर सर्वांपर्यंत पोहोचवणे हे ठरवण्यापेक्षा कष्टाचे निघाले. बिल्डच्या नेहमीच्या फ्लॅगमध्ये तो घातला, तर बाहेरून आलेल्या काही मेकफाइली (बांधणीच्या सूचनांच्या फाइली) आपले फ्लॅग स्वतःच ठरवतात आणि बाहेरचे सरळ टाकून देतात. म्हणून कंपायलरच्या नावाने एक छोटी आवरण-स्क्रिप्ट ठेवली, जी मिळालेल्या आदेशात पॅरामीटर जोडून खऱ्या कंपायलरला हाक मारते. जोडणीही याच स्क्रिप्टमधून होते, आणि ते आवश्यक आहे : एलटीओ (जोडणीच्या वेळचे ऑप्टिमायझेशन) चालू असलेल्या दोन घटकांत अंतिम यंत्रकोड जोडणीच्या वेळीच तयार होतो, त्यामुळे केवळ आधीच्या टप्प्यात दिलेला पॅरामीटर तेथे पुरेल असे गृहीत धरता येत नाही.

चाचणी उत्तीर्ण. संबंधित फंक्शनच्या असेंब्लीत मेमकम्पचा कॉल परत आला आहे.

२४ फेब्रुवारी २०२१

८ तारखेपासून या कंपायलरने बांधलेल्या लायब्ररींचे काय, हा प्रश्न शिल्लक होता. सर्व पुन्हा बांधल्या जाणारच आहेत, पण कोठे चुकीचा कोड निघाला होता हे कळल्याशिवाय त्या काळात तयार झालेला विदा (डेटा) विश्वासार्ह मानायचा की नाही हे ठरत नाही.

त्यासाठी ९.३ ची एक तपासनीस प्रत बांधली. सदोष फंक्शनमध्ये, मेमकम्पसाठी मोजलेली लांबी मागितलेल्या लांबीपेक्षा कमी भरून उलगडणी होऊ लागली, तर फाइलीचे नाव आणि ओळ लिहून ठेवणारी भर घातली. ही नोंद त्रुटींच्या प्रवाहावर न छापता वेगळ्या फाइलीत लिहिली आहे, कारण कॉन्फिगर स्क्रिप्टमधील काही तपासण्या कंपायलरने अनपेक्षित काही छापले की तो फ्लॅग चालत नाही असाच निष्कर्ष काढतात, आणि मग बांधलेली गोष्ट मूळची राहत नाही. तपासनीस प्रत मुद्दाम बूटस्ट्रॅप न करता जीसीसी ८.३ ने बांधली, म्हणजे तपासणारा स्वतः संशयाबाहेर राहील. सर्व्हरवरची ग्लिबसी (सी भाषेची प्रमाण लायब्ररी) डेबियनचीच असल्याने ती या चौकशीत येत नाही.

२६ फेब्रुवारी २०२१

तपासणी पूर्ण. आमच्या प्रोग्रॅममध्ये ज्ञात जागेखेरीज आणखी एक जागा निघाली : जुन्या विदाफाइलींच्या रचनेची आवृत्ती चार बाइटांच्या स्थिर आकड्याशी ताडून पाहणारे फंक्शन, ज्यात पहिले दोन बाइट शून्य आहेत. त्यावर एकही चाचणी नव्हती. आजच्या सर्व फाइली नव्या रचनेच्या असल्याने तेथे चुकीचे उत्तर आले असते तरी परिणाम दिसला नसता. जुनी फाइल उघडली असती तर ती नवी समजून वाचली गेली असती. बाहेरच्या लायब्ररींपैकी एकीत एक जागा सापडली, पण ती तिच्या स्वतःच्या चाचणीच्या कोडमध्ये आहे, आमच्या बायनरीत येत नाही.

नवा सर्व्हर अद्याप प्रत्यक्ष सेवेत नसल्याने साठवलेला विदा पुसून पुन्हा भरणे पुरेसे झाले. दुसऱ्या जागेसाठी चाचणी लिहिली.

३ मार्च २०२१

बिल्डच्या सुरुवातीला चालणारी एक तपासणी घातली. ती चार ओळींचे उदाहरण त्याच फ्लॅगांनी बांधून चालवते आणि उत्तर चुकले तर बिल्ड तेथेच थांबवते. कंपायलरचा आवृत्तीक्रमांक पाहून निर्णय घेण्याची सूचना नाकारली आहे : वितरक आपापल्या पॅकेजमध्ये दुरुस्त्या मागे आणतात आणि क्रमांक तोच ठेवतात, त्यामुळे क्रमांकावरून निर्दोषही अडवले जातील आणि सदोषही सुटतील. ही तपासणी बांधलेल्या यंत्रावरच चालवावी लागते. पर्जन्यमापकातील एआरएम प्रोसेसरसाठी दुसऱ्या यंत्रावर बांधताना ते शक्य नाही, म्हणून तेथे तयार झालेल्या असेंब्लीत मेमकम्पचा कॉल आहे का, एवढे शोधले जाते. हे ओबडधोबड आहे. निर्दोष कंपायलरने उद्या आठही बाइट जागीच उलगडले तर ही तपासणी विनाकारण ओरडेल. पण ती चूक सुरक्षित बाजूची आहे.

९ एप्रिल २०२१

काल जीसीसी १०.३ प्रसिद्ध झाले आणि त्यात ही दुरुस्ती आहे. चार ओळींच्या उदाहरणावर पाहिले. पॅरामीटर न देताही उत्तर बरोबर येते. सामाईक चलांची साफसफाई अजून अर्ध्यावर असल्याने आवृत्ती १० कडे आत्ताच जात नाही. ९.४ ची वाट पाहू.

३ जून २०२१

१ जूनला ९.४ आले. सोर्स उतरवून पूर्ण बूटस्ट्रॅप केले, आवरण-स्क्रिप्ट बाजूला ठेवून सर्व लायब्ररींसह बांधणी केली. सुरुवातीची तपासणी आणि संपूर्ण चाचणीसंच उत्तीर्ण आहे, आणि किमान काळाच्या फंक्शनमध्ये मेमकम्पचा कॉल दिसतो. तपासनीस प्रतीतील भर ९.४ ला लागू होत नाही, कारण दुरुस्तीत तो भाग बदलला गेला आहे.

पॅरामीटर आमच्या मुख्य शाखेतून काढला. फेब्रुवारी ते मे या काळातील प्रकाशने पुन्हा बांधण्याची वेळ आली तर लागेल म्हणून ९.३ ची निर्देशिका आवरण-स्क्रिप्टसह जागेवर ठेवली आहे. मात्र ती स्क्रिप्ट टाळून थेट कंपायलर कोणी चालवू नये यासाठी मूळ फाइलीचे नाव बदलले आहे. बिल्डच्या सुरुवातीची तपासणी काढलेली नाही.